त्याला पाठवलेली गाणी

जगभरचं संगीत माझ्यापर्यंत आलं ते वाळूजच्या एका कारखान्यातून. मी तिथं क्वालिटी खात्यात आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्याकडं जर्मनीहून एक मोठं मशीन आलं आणि ते बसवून द्यायला एक इंजिनिअर आला. मूळचा तुर्कस्तानचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा. तीन आठवडे मी त्याच्या हाताखाली होतो. काम करताना तो सारखा काहीतरी गुणगुणायचा. एकदा मी विचारलं की हे काय आहे, तर त्याला एवढा आनंद झाला की जेवणाची सुट्टी संपेपर्यंत तो मला त्याच्या मोबाइलवरची गाणी ऐकवत राहिला. जाताना त्यानं मला एक पेनड्राइव्ह दिला. आत देशांच्या नावांचे फोल्डर होते. गायकांची नावं नाहीत, गाण्यांची नाहीत. नुसते देश आणि आकडे.

तोवर मी गाण्यातला माणूस नव्हतो. आमचं घर दौलताबादचं, शेतीवाल्यांचं. घरात रेडिओ होता तो बातम्यांसाठी आणि बाजारभावांसाठी. नोकरी लागली तसा मी शहरात आलो, लग्न झालं, सिडकोत दोन खोल्या घेतल्या. कंपनीच्या बसमध्ये रोज जाऊन-येऊन दीड-दोन तास जायचे. त्या वेळात मी एकेक फोल्डर संपवायला लागलो. मालीतल्या वाळवंटातली गिटार, इथिओपियातले सॅक्सोफोन, कोलंबियाचा एक ठेका, जो सुरू झाला की खिडकीच्या गजावर माझी बोटं आपोआप चालायची. भाषा एकही कळत नव्हती. पण या बसमधल्या दुसऱ्या कुणाकडं नाही असं काहीतरी आपल्याकडं आहे, हे मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं. आणि लगेच हेही वाटलं, की हे कुणाला तरी द्यायला पाहिजे.

द्यायला माणूस मिळत नव्हता. बायकोनं दोन-तीन गाणी ऐकली आणि सांगितलं की डोकं दुखतं. कंपनीतल्या सात जणांचा मी मोबाइलवर ग्रुप केला आणि रोज सकाळी एक गाणं टाकायला लागलो. पहिल्या आठवड्यात सगळ्यांचे अंगठे आले. मग एकेक जण गुपचूप बाहेर पडला. आमच्या सुपरवायझरनं तर मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, की घरी सगळं ठीक आहे ना. महिन्याभरात ग्रुपमध्ये मी एकटा उरलो. तरी काही दिवस मी त्यात गाणी टाकत होतो. आज सांगताना लाज वाटते, पण टाकत होतो.

त्याच उन्हाळ्यात गावाकडं चुलतभावाचं लग्न होतं. बँड शहरातल्या छावणी भागातला सांगितला होता. दुपारी लग्न लागलं, पंगती बसल्या, आणि बँडवाल्यांच्या जेवणाकडं बघायचं काम माझ्याकडं आलं. ते सगळे मांडवाच्या मागं लिंबाच्या सावलीत बसले होते. लाल कोट काढून फांद्यांवर टाकलेले. त्यांच्यातला एक जण, माझ्याच वयाचा, पत्रावळीसमोर बसूनही जेवत नव्हता. क्लॅरोनेट ओठाला लावून अगदी हलक्या फुंकरीनं एकच जागा पुन:पुन्हा घोळवत होता. वरातीत जे सिनेमाचं गाणं वाजवलं होतं त्यातलीच ती जागा होती, पण तो तिला असा काही वाकवत होता की मला एकदम सर्बियाचा फोल्डर आठवला.

मी त्याच्याजवळ बसलो आणि माझा एक इअरफोन पुढं केला. त्यानं आधी माझ्याकडं, मग इअरफोनकडं बघितलं, बाहीला पुसला आणि कानात घातला. तिकडच्या लग्नातला बँड होता तो, पितळी वाद्यांचा. ऐकता ऐकता त्यानं हातातलं क्लॅरोनेट मांडीवर ठेवलं. गाणं संपेपर्यंत हलला नाही.

मग विचारलं, "कुठल्या गावचा बँड आहे हा?"

मी म्हणालो, लांबचा आहे, युरोपातला.

"लांबचा असू द्या. पण ह्यांचा क्लॅरोनेटवाला लई पाजी हाय. सूर सरळ घेतच नाय. आधी खालून जाऊन बघून येतो, मग चढतो. आमचे वडील असंच वाजवायचे."

त्या दिवशी वरात परत निघेपर्यंत मी त्याला अकरा गाणी ऐकवली. तो जेवला की नाही ते मला आठवत नाही.

पुढची सहा-सात वर्षं माझा रविवार छावणीत गेला. बँडची खोली बाजाराच्या मागच्या गल्लीत होती. बाहेर पत्र्याची पाटी, आत भिंतीला टांगलेली वाद्यं, कोपऱ्यात ढोल, आणि दारात खुर्ची टाकून बसलेले त्याचे वडील. बँड त्यांनी काढलेला. दात पडल्यावर क्लॅरोनेट धरता येईना, म्हणून त्यांनी ते मुलाच्या हातात दिलं. ते दिवसभर बँडची टोपी घालून बसायचे. मी गेलो की म्हणायचे, "या साहेब, आज कुठला मुलूख आणलाय?" आत त्याची बायको चहा टाकायची. तिला मी वहिनी म्हणायचो, ती मला भावजी. त्यांना एक मुलगी, तेव्हा चार वर्षांची, ढोलावर झोपायची.

मी गाणी शोधून न्यायचो आणि तो ऐकायचा. हा फरक मला पहिल्या महिन्यातच कळला. मी नुसता गोळा करणारा होतो. रात्रंदिवस इंटरनेटवर हिंडून कुठून कुठून काय काय उचलायचो. जपानमधल्या कुणी पेरूच्या गाण्याचं केलेलं रिमिक्स, मोरोक्कोच्या चौकात कुणी मोबाइलवर घेतलेलं रेकॉर्डिंग, अर्मेनियाचं एक लाकडी वाद्य. तो डोळे मिटून बसायचा आणि संपल्यावर सांगायचा की हा माणूस इथं दमला होता, ह्याची पत्ती ओली झाली होती, इथं ढोलवाल्यानं त्याला सांभाळून घेतलं. पत्ती म्हणजे क्लॅरोनेटच्या तोंडाशी असते ती बांबूची पातळ चीप, जिच्यावर सगळा आवाज उभा असतो. मी तेच गाणं पुन्हा लावायचो आणि तो म्हणाला ते सगळं खरंच ऐकू यायचं. माझे कान त्यानं तयार केले. दुसऱ्या कुणाचंही माझ्यावर एवढं ऋण नाही.

मग तो ती गाणी वाजवायला लागला. आधी एकटा, मग ट्रम्पेटवाला आणि ढोलवाला यांना घेऊन. मी घरच्या कॉम्प्युटरवर आवाज कापायचं आणि जोडायचं शिकलो. खोलीच्या भिंतींना वहिनींच्या गोधड्या लावून आम्ही दुपारी त्याचं क्लॅरोनेट रेकॉर्ड करायचो आणि मी ते आफ्रिकेतल्या ढोलांवर बसवायचो. त्यातलं एक आम्ही इंटरनेटवर टाकलं. तीन-चारशे लोकांनी ऐकलं असेल. ब्राझीलच्या एका बाईनं खाली लिहिलं की हे वाजवणारा कोण आहे, मी हे आज सकाळपासून सहा वेळा ऐकलं. त्यानं ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. वडिलांना मराठीत सांगायला लावलं. वहिनींनी त्या दिवशी शिरा केला.

इथपर्यंत सगळं चांगलं होतं. पुढची चूक माझी.

हे सगळं लोकांसमोर व्हायला पाहिजे, असं माझ्या डोक्यात बसलं. शहरात अशी माणसं असतीलच, कॉलेजची पोरं असतील, प्राध्यापक असतील, त्यांच्यापर्यंत हे पोचलेलं नाही एवढंच, असं मला वाटायचं. क्रांती चौकाच्या जवळ एका शाळेचा हॉल मिळाला. फेब्रुवारीतला रविवार, सकाळी अकराची वेळ. तो म्हणाला की त्या दिवशी लग्नाची तारीख आहे, दोन ठिकाणची बोलणी चालू आहेत. मी म्हणालो, लग्नं तर आयुष्यभर आहेतच. त्यानं दोन्हीकडं नकार कळवला.

दुसरी गोष्ट कपड्यांची. बँडवाले लाल कोट घालून येणार हे मला नको होतं. लोकांनी वरात समजू नये, असं कारण मी दिलं. पांढरे कुर्ते घाला म्हणालो. ढोलवाला, जो तीस वर्षं त्या बँडमध्ये होता, त्यानं विचारलं, "कोटाला काय झालं साहेब?" माझ्या क्लॅरोनेटवाल्या मित्रानंच त्याला समजावलं. आज मला स्वच्छ दिसतं की मला त्या कोटांची लाज वाटत होती. ज्या वाजवण्यावर मी जीव टाकत होतो ते त्या कोटांतच वाढलेलं होतं, आणि मी त्यांना ते उतरवायला लावले.

हॉलमध्ये दोनशे खुर्च्या होत्या. आली तेवीस माणसं. त्यात माझी बायको, वहिनी, त्यांची मुलगी, कंपनीतले तिघं, हॉलचा शिपाई. पहिल्या रांगेत त्याचे वडील बसले होते. त्यांना कुणी कपड्यांचं सांगितलं नव्हतं, किंवा सांगूनही त्यांनी ऐकलं नव्हतं. लाल कोट, सोनेरी पट्ट्या, टोपी, सगळं घालून ते आले होते.

पहिली दोन गाणी झाली. तिसरं त्याचं एकट्याचं होतं. ते त्यानं तीन महिने बसवलं होतं, अर्मेनियाच्या एका विलापासारख्या चालीवरून सुरू करून आपल्याकडच्या पाठवणीच्या गाण्यापर्यंत, म्हणजे मुलगी सासरी निघते तेव्हा बँड जे वाजवतो तिथपर्यंत, न थांबता यायचं होतं. त्यानं सुरुवात केली आणि मिनिटाभरात बाहेरून आवाज यायला लागला. कुणाची तरी वाढदिवसाची मिरवणूक होती. ट्रकवर डीजे. आधी जमीन हलली, मग खिडक्यांच्या काचा. मिरवणूक हॉलसमोरच्या सिग्नलला अडकली आणि तिथंच थांबली.

मी त्याला हातानं खूण केली की थांब. त्यानं बघितलं नाही. तो वाजवत राहिला. आम्हाला क्लॅरोनेटचा एक सूरही ऐकू येत नव्हता. फक्त त्याचे फुगलेले गाल, मानेवरच्या शिरा, आणि बोटं दिसत होती. सात-आठ मिनिटं असं चाललं. वडील बोटांकडं बघत मान हलवत होते, त्यांना बोटांवरून कळत असावं. मिरवणूक पुढं सरकली, आवाज विरत गेला, आणि जेव्हा हॉलमध्ये पुन्हा ऐकू यायला लागलं तेव्हा त्याचा शेवटचा लांब सूर चालला होता. तोही संपला. तेवीस जणांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मोबाइलवर त्या कार्यक्रमाचं चित्रीकरण आहे. त्या गाण्यात सगळा डीजेच ऐकू येतो.

नंतर वाद्यं टेम्पोत चढवताना मी त्याची माफी मागायला लागलो, तर तो म्हणाला, "जाऊ दे रे. मला ऐकू येत होतं ना." तेव्हापासून तो मला अरे-तुरे करायला लागला. त्याआधी इतकी वर्षं तो मला तुम्ही म्हणायचा.

पुढच्याच महिन्यात टाळेबंदी लागली. लग्नं थांबली, मग पंचवीस-पन्नास माणसांत व्हायला लागली, त्यात बँड कुठला. ढोलवाला गावी गेला तो आलाच नाही. ट्रम्पेटवाला एमआयडीसीत सिक्युरिटीला लागला. दुसऱ्या लाटेत माझा मित्र आजारी पडला. तीन आठवडे दवाखान्यात होता. वाचला, पण फुफ्फुसं गेली. डॉक्टरांनी वहिनींना समजावून सांगितलं की आतून ती कडक झाली आहेत, स्पंज वाळल्यावर होतो तशी, आणि ती परत मऊ होणार नाहीत. घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. बँडच्या खोलीतच त्याची खाट टाकली, कारण घरात तेवढीच खोली मोकळी होती. वर भिंतीला वाद्यं टांगलेली, खाली तो.

मला काय करावं कळत नव्हतं. मला एकच गोष्ट येत होती. मी त्याला रोज सकाळी एक गाणं पाठवायला लागलो. फार विचार करून निवडायचो. उदास नको, फार नाचरं नको. तासाभरात त्याचं उत्तर यायचं, "ऐकलं." कधी कधी पुढं एखादी ओळ, "मधला बरा." नाही तर नुसतंच "ऐकलं." मला त्याचा केवढा आधार वाटायचा. मला वाटायचं की हे एक तरी त्याच्याकडं शाबूत आहे. पावणेदोन वर्षं मी पाठवत राहिलो, एकही दिवस चुकवला नाही. बायको म्हणायची की आधी चहा तरी घ्या.

एका रविवारी मी गेलो तर वहिनी दारातच उभ्या होत्या. सासरे आत झोपले होते. त्या मला गल्लीच्या टोकापर्यंत घेऊन आल्या. मला वाटलं त्याची तब्येत जास्त बिघडली.

"भावजी, एक सांगू का? राग मानू नका," त्या म्हणाल्या. "ती गाणी पाठवणं बंद करा."

मी विचारलं काय झालं. त्या सांगायला लागल्या आणि मी गल्लीतल्या एका ओट्यावर बसलो. तो गाणं लावायचा आणि क्लॅरोनेट किंवा कुठलंही फुंकायचं वाद्य सुरू झालं की त्याची छाती आपोआप तयारी करायची. पुढचा सूर किती लांब आहे हे त्याला आधीच कळायचं आणि तेवढा श्वास तो आत ओढायला जायचा. लहानपणापासूनची सवय ती. श्वास यायचा नाही. मग खोकला, मग ठसका, मग ओठ निळे पडायचे. वहिनी पळत येऊन मशीन वाढवायच्या, पाठ चोळत बसायच्या. अर्ध्या-पाऊण तासानं तो शांत झाला की मोबाइल हातात घ्यायचा आणि मला लिहायचा, "ऐकलं."

"रोज?" मी विचारलं.

"रोज नाय. पण लई वेळा."

मी आत गेलो. तो उशांना टेकून बसला होता. नाकाला नळी. मी त्याला म्हणालो की तू मला सांगितलं का नाहीस. त्यानं आधी वहिनींकडं बघितलं, त्या खाली बघत होत्या.

"तू एवढं शोधून पाठवतो," तो म्हणाला. एका दमात त्याला तेवढंच बोलता यायचं. थोडं थांबून म्हणाला, "तुझं तरी कोण ऐकणार दुसरं?"

मी त्याच्यासाठी पाठवत होतो, असं मी समजत होतो. तो माझ्यासाठी ऐकत होता.

मग मी एक मूर्खपणा केला. म्हणालो की फुंकायची वाद्यं वगळतो, नुसती तारेची पाठवतो, नुसते ढोल पाठवतो. त्यानं मान हलवली. म्हणाला की तार असो, ढोल असो, त्याला त्यात आपली जागा दिसते, इथं मी आलो असतो, इथनं मी उचललं असतं, आणि छाती तिथं जाते. तिला कळत नाही. त्याचं बोलून झालं तेव्हा तो इतका दमला होता की मी उठून निघून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाठवलं नाही. त्यानंतर कधीच नाही. मी रविवारी जात राहिलो. आम्ही टीव्हीवर क्रिकेट बघायचो, आवाज बंद करून. बोलायला काही नसायचं, कारण आमचं बोलणं सगळं गाण्यांचंच होतं. दोन पुरुष, इतक्या वर्षांची दोस्ती, आणि ती गोष्ट काढून घेतल्यावर आम्हाला एकमेकांच्या घरची विचारपूस करायलाही जमेना.

साधारण वर्षानं एक गोष्ट घडली. कंपनीच्या कँटीनमध्ये शेजारच्या टेबलावर एक जण मोबाइलवर रील बघत होता आणि मला क्लॅरोनेट ऐकू आलं. आमचं होतं. ब्राझीलच्या बाईला आवडलेलं तेच. कुणीतरी ते उचलून त्याची गती वाढवली होती, खाली मशीनचा ठेका टाकला होता. मी त्या माणसाचा मोबाइल जवळजवळ हिसकावूनच घेतला. त्या तुकड्यावर देशोदेशीच्या हजारो लोकांनी नाचून व्हिडिओ केले होते. खाली कुणाचंच नाव नव्हतं. पूर्वीच्या ग्रुपमधला एक जण मला म्हणाला, "भारी आहे ना? तुम्हाला असलंच आवडतं."

त्याला सांगावं की नाही यावर मी दोन रविवार घालवले. तिसऱ्या रविवारी सांगितलं. त्यानं हात पुढं केला, दाखव म्हणून. मी म्हणालो, आवाज नाही लावणार. त्यानं मान डोलावली. आवाज बंद करून मी मोबाइल त्याच्यासमोर धरला. कुठल्याशा समुद्राकाठी चार मुली नाचत होत्या. मग एक म्हातारा, स्वयंपाकघरात. मग शाळेतली पोरं. तो त्यांच्या पायांकडं बघत होता. चादरीवर त्याचं एक बोट हलत होतं.

"ठेका वाढवलाय ह्यांनी," तो म्हणाला.

मी म्हणालो, व्हय.

"लई वाढवलाय. एवढ्यात श्वास घ्यायला जागा कुठं हाय?" मग विचारलं, "नाव टाकलंय का कुणाचं?"

मी नाही म्हणालो. त्यानं मोबाइल माझ्याकडं सरकवला आणि डोळे मिटून घेतले. मी कितीतरी ठिकाणी लिहिलं, की हे वाजवणारा माणूस छावणीत राहतो, आमच्याकडं मूळ रेकॉर्डिंग आहे. दोन ठिकाणी लोकांनी हसल्याची चित्रं टाकली. बाकी कुणी काही म्हटलं नाही. पुढच्या महिन्यात ती लाट संपली आणि लोक दुसऱ्या गाण्यावर नाचायला लागले.

तो गेल्या वर्षी थंडीत गेला. सकाळी नऊच्या सुमारास, वहिनी भाकरी टाकत असताना. त्याच्या वडिलांचा हट्ट होता की बँड लावून न्यायचं, त्यांच्यात तशी पद्धत आहे. पण स्वतःच्या बँडची माणसं पांगलेली, आणि लग्नसराईमुळं दुसरे बँड कुणी मोकळे नव्हते. ट्रम्पेटवाला तेवढा ड्युटीवरून सिक्युरिटीच्या कपड्यांतच आला होता. त्यानं वाजवायचा प्रयत्न केला. चार वर्षं हात लावला नव्हता, ओठ चालेनात. दोन-तीन सूर काढून त्यानं ट्रम्पेट खाली केलं. मग आम्ही तसेच चालत गेलो. मी खांदा दिला. वडील टोपी घालून घरातच बसले होते.

महिनाभरानं वहिनींचा फोन आला. मुलगी आता चौदा-पंधरा वर्षांची आहे. तिला बापाचा आवाज ऐकायचा होता. क्लॅरोनेट नाही, बोलण्याचा आवाज. त्याच्या मोबाइलमध्ये काहीच नव्हतं, आजारपणात तो फोनवर बोलायचा नाही. वहिनी म्हणाल्या, "तुमच्याकडं तेवढं सगळं रेकॉर्डिंग हाय भावजी, त्यात कुठंतरी बोलला असंल ना तो."

मी म्हणालो, असेल, नक्की असेल. दोन दिवसांची रजा टाकली आणि कॉम्प्युटरसमोर बसलो. आमची एकशे चाळीसच्या वर रेकॉर्डिंग्ज आहेत. मी सगळी ऐकली. एकेक सुरुवातीपासून शेवटपर्यंत. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या आधी तो बोलायचा हे मला पक्कं आठवतं. ढोलवाल्याला सांगायचा, माझ्यावर वैतागायचा, मुलीला बाहेर पाठवायचा, चाल गुणगुणून दाखवायचा. संपल्यावर हसायचा. हे सगळं मशीनमध्ये आलेलं होतं. आणि ते सगळं मी कापून टाकलेलं होतं. जागा कमी पडते म्हणून मूळ फाइल ठेवल्या नव्हत्या, साफ केलेल्याच ठेवल्या होत्या. मी फार नीट काम केलं होतं. प्रत्येक तुकडा पहिल्या सुरावर सुरू होतो आणि शेवटच्या सुरावर संपतो. दोन सुरांच्या मध्ये तो श्वास घ्यायचा त्याचा जो आवाज यायचा, तोसुद्धा मी एकेक करून शोधून काढून टाकला होता. त्यासाठी रात्री जागलो होतो.

हॉलमधल्या चित्रीकरणातही बघितलं. शेवटी तो माइकपाशी येऊन काहीतरी दोन वाक्यं बोलला होता. तिथपर्यंत मी ते चालू ठेवलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी छावणीत गेलो आणि वहिनींना सांगितलं की काही सापडलं नाही. का सापडलं नाही ते नाही सांगितलं. मुलगी आतल्या दारात उभी होती, ती आत निघून गेली. वहिनी म्हणाल्या, "असू द्या भावजी, तुम्ही शोधलं एवढं लई झालं." मग विचारलं की चहा टाकू का. मी नको म्हणालो, तरी त्यांनी गॅस पेटवला.